बँक मित्र व्हायचंय? यंत्र घेण्याआधी साखळी समजून घ्या

तालुक्याच्या बाजारपेठेतून चालत गेलं की रिचार्जच्या, झेरॉक्सच्या, किराणाच्या दुकानांवर दोन प्रकारच्या पाट्या दिसतात. एकीवर नुसतं ‘आधारवर पैसे काढून मिळतील’ लिहिलेलं असतं. दुसरीवर बँकेचं नाव, खाली ‘ग्राहक सेवा केंद्र’, शाखेचं नाव आणि फोन नंबर. आत दोन्हीकडे सारखंच: लॅपटॉप, अंगठ्याचं यंत्र, पावतीचा छोटा प्रिंटर. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. हे काम सुरू करणाऱ्याला मात्र तो कळायलाच हवा, कारण पैशाचा घोळ झाला की उत्तर कोणी द्यायचं हे त्यावर ठरतं. रिझर्व्ह बँकेने गेल्या वीस वर्षांत एजंटमार्फत बँकिंगचे जे नियम केले, ते फिरून फिरून याच प्रश्नापाशी येतात.

हे मार्गदर्शन पहिल्यांदाच या कामात पडणाऱ्यांसाठी आहे: किराणा दुकानदार, बचत गटातली ताई, निवृत्त शिक्षक, पदवी घेऊन गावी परतलेला तरुण. यंत्र कसं जोडायचं हे कंपनीचा माणूस दाखवतोच. तो जे सांगत नाही, त्यावर इथे जास्त भर आहे.

नियम कुठून आले

२५ जानेवारी २००६ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना ‘बिझनेस करस्पॉन्डंट’, म्हणजे बँकेच्या वतीने व्यवहार करून देणारे एजंट, नेमायची मुभा दिली. व्यवहारात त्याला बीसी म्हणतात. जन धन योजनेनंतर ‘बँक मित्र’ हे नाव रुळलं. सुरुवातीला स्वयंसेवी संस्था, सहकारी संस्था, टपाल कार्यालयं अशांनाच हे काम देता येत होतं. पुढे निवृत्त बँक कर्मचारी आणि माजी सैनिक आले. २००९ मध्ये किराणा, औषध आणि रेशन दुकानदार, पेट्रोल पंपवाले आले. सप्टेंबर २०१० मध्ये नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांनाही परवानगी मिळाली. आज तुम्हाला आयडी देऊ करणारी कंपनी बहुधा याच शेवटच्या बदलामुळे या धंद्यात आहे.

मधल्या काळात एक अंतराची अटही होती. एजंटचं केंद्र त्याच्या शाखेपासून १५ किलोमीटरच्या आत हवं. २००९ मध्ये ती मर्यादा ३० किलोमीटर झाली आणि जून २०१४ मध्ये अटच काढली. हेतू वाईट नव्हता, शाखेची नजर राहावी एवढाच होता. पण डोंगरी आणि जंगलपट्ट्यांत शाखांमधलंच अंतर मोठं, म्हणजे जिथे एजंटची गरज जास्त तिथेच नियम आडवा यायचा. ही अट उशिरा गेली असं माझं मत आहे.

तीन गोष्टी मात्र २००६ पासून कायम आहेत. एजंटने जे केलं किंवा करायचं राहिलं, त्याची जबाबदारी बँकेची. एजंटने या सेवेसाठी गिऱ्हाइकाकडून स्वतः शुल्क घ्यायचं नाही. मोबदला बँक देते. आणि व्यवहार त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी, बँकेच्या हिशेबात दिसला पाहिजे.

आपल्याकडे एजंट म्हटलं की लोकांना पिग्मीवाले काका आठवतात. १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेने सुरू केलेली ती योजना महाराष्ट्रातल्या पतसंस्थांनी घरोघरी नेली. त्यात रोजची रक्कम कार्डावर किंवा छोट्या यंत्रात टिपली जायची आणि भरणा नंतर व्हायचा. भरवसा माणसावर. बँक मित्राचं काम उलट चालतं: आधी बँकेच्या सर्व्हरवर नोंद, मग पावती, मग रोकड. ‘पैसे ठेवून जा, नेट आलं की टाकतो’ हे पिग्मीच्या सवयीतून आलेलं वाक्य या काउंटरवर चालत नाही. अनेक केंद्रांची भांडणं त्याच वाक्यापासून सुरू होतात.

पायरी १: कुठल्या साखळीत शिरायचं ते ठरवा

पहिला रस्ता म्हणजे बँकेचं ग्राहक सेवा केंद्र. तुमची आयडी (काही बँकांत तिला केओ आयडी म्हणतात) एका ठरावीक शाखेला जोडलेली असते. तीच तुमची बेस शाखा. नेमणूक बहुतेक वेळा थेट बँक करत नाही. बँकेने नेमलेली मोठी कंपनी, म्हणजे कॉर्पोरेट बीसी, करते आणि तुम्ही तिचे उपएजंट होता. इथे खातं उघडणं, पैसे भरणं-काढणं, आवर्ती ठेव, विमा आणि पेन्शन योजनांची नोंदणी, कर्जाचा हप्ता भरून घेणं अशी बरीच कामं मिळतात.

दुसरा रस्ता म्हणजे आपले सरकार किंवा सीएससी केंद्र चालवता चालवता हे काम जोडून घेणं. सीएससी स्वतः काही बँकांची कॉर्पोरेट बीसी आहे, त्यामुळे दाखले, अर्ज आणि बँकिंग एकाच टेबलावर येतं.

तिसरा रस्ता मोबाइल ॲपचा. एखादी फिनटेक कंपनी तासाभरात आयडी देते आणि तुम्ही आधारवर पैसे काढून द्यायला लागता. या व्यवस्थेला एईपीएस म्हणतात. ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन चालवते. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा, एवढ्यावर कुठल्याही बँकेच्या आधार-जोडलेल्या खात्यातून साधारण १० हजारांपर्यंतची रक्कम एका वेळी काढता येते. हा रस्ता बेकायदा नाही. याही साखळीच्या टोकाला एक बँक असतेच. अडचण अशी की ती बँक कोणती, हे दुकानदाराला बहुतेकदा माहीतच नसतं. कंपनीच्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारा: ‘तुमची ॲक्वायरर बँक कोणती, आणि माझं नाव तिच्याकडे नोंदलंय का?’ उत्तर देताना तो अडखळला तर यंत्राचे पैसे देऊ नका.

नवख्याला माझा सल्ला पहिल्या रस्त्याचा. सुरुवात हळू होते, कागद जास्त लागतात, पण अडचण आली की जाऊन उभं राहायला एक शाखा असते.

एक फरक लक्षात ठेवा. मार्च २०१२ पासून एजंट दुसऱ्या बँकेच्या ग्राहकांचेही व्यवहार करू शकतो, पण तो प्रतिनिधी राहतो ज्या बँकेने नेमलं तिचाच. केनियाच्या मध्यवर्ती बँकेने २०१० मध्ये नियम करताना एजंटला एकाच बँकेशी बांधून घेणारे करारच नाकारले. आपण ग्राहकाला मोकळं केलं आणि एजंटला एका बँकेच्या जबाबदारीखाली ठेवलं. दुकानदाराला हे जाचक वाटतं. तक्रार घेऊन येणाऱ्या म्हातारीला मात्र बोट दाखवायला एकच दार मिळतं.

पायरी २: विचारायला कुठे जायचं

गूगलवर ‘सीएसपी रजिस्ट्रेशन’ (सीएसपी म्हणजे ग्राहक सेवा केंद्र) शोधू नका. बँकांच्या नावाने उभ्या केलेल्या खोट्या वेबसाइटी तिथेच भेटतात. त्या नोंदणी फी मागतात, मग ‘लॅपटॉपची अनामत’, मग ‘मंजुरी पत्राचा कर’. रिझर्व्ह बँक कोणालाही अशी फ्रँचायझी वाटत नाही.

आधी जवळच्या शाखेच्या व्यवस्थापकांना भेटा आणि विचारा की तुमच्या गावात त्यांचं केंद्र आहे का, असेल तर सुरू आहे का. बंद पडलेल्या केंद्राच्या जागी नवा माणूस हवा असतो, हे बाहेरून कळत नाही. शाखेत दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांकडे, म्हणजे एलडीएम साहेबांकडे जा. अग्रणी बँकेची ही कल्पना पुण्याचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाच्या शिफारशींतून १९६९ मध्ये आली. एकेका जिल्ह्याची बँकिंगची काळजी एकेका बँकेने वाहायची, असं तिचं रूप. महाराष्ट्रात राज्यस्तरीय बँकर्स समितीचं निमंत्रकपद बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची बैठक होते, तिथे कुठल्या गावात सेवा पोहोचत नाही यावर बोलणं होतं. ग्रामपंचायतीच्या ठरावासह लिहिलेला अर्ज एलडीएमकडे असेल तर तुमच्या गावाचा विषय त्या बैठकीत निघू शकतो.

ग्रामीण बँकही विसरू नका. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एकत्र होऊन राज्यात एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. बचत गटातल्या महिलांनी उमेदच्या तालुका कक्षात चौकशी करावी; गटातल्या सदस्येला बीसी सखी म्हणून उभं करण्याचं काम तिथून होतं.

पायरी ३: कागद, पडताळणी, परीक्षा

आधार, पॅन, शिक्षणाचा दाखला, जागेचा पुरावा, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी आणि कर्जफेडीचा इतिहास, एवढं बहुतेक बँका बघतात. थकीत कर्ज असेल तर आधी ते मिटवा.

एईपीएसच्या काउंटरवर बसणाऱ्यांसाठी रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये वेगळे निर्देश काढले. ते १ जानेवारी २०२६ पासून लागू आहेत. बँकेने ग्राहकाची करते तशी तुमचीही ओळख-पडताळणी नेमण्याआधी करायची. सलग तीन महिने तुमच्याकडून एकही व्यवहार झाला नाही, तर पुन्हा केवायसी झाल्याशिवाय व्यवहार सुरू करायचे नाहीत. आणि तुमच्या व्यवहारांवर सतत लक्ष ठेवायचं. म्हणून भावाच्या नावाची आयडी आपण वापरणं, किंवा एक आयडी दोन गावांत चालवणं, असले प्रकार कोणी सुचवले तरी करू नका. सोय वाटते, पण घोळ झाला की ज्याच्या नावाची आयडी तोच पहिला आरोपी.

इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सची बँक मित्रांसाठी परीक्षा असते. बँक ती देण्याची मुदत घालून देते. टाळू नका. केवायसी, तक्रार निवारण, बनावट नोटा यांचा अभ्यास त्यात होतो आणि काउंटरवर तो रोज लागतो.

पायरी ४: करार वाचा, सही नंतर

करार बहुधा इंग्रजीत येतो. शाखेतल्या कोणाकडून तरी समजून घ्या. माझ्या मते त्यातल्या निदान चार गोष्टी स्पष्ट झाल्याखेरीज सही करू नये.

पहिली, कमिशनची वाटणी. दुसऱ्या बँकेच्या ग्राहकाने तुमच्याकडे पैसे काढले की त्याची बँक तुमच्या बँकेला थोडं शुल्क देते. त्यातून तुमची बँक कॉर्पोरेट बीसीला देते आणि ती तुम्हाला. दोन हातांतून गळत आलेली ही रक्कम छोटी असते. नुसत्या पैसे काढून देण्यावर घर चालत नाही. खाती, ठेवी, योजनांची नोंदणी यावर वेगळा मोबदला किती, तो कधी मिळतो, कमीत कमी मासिक रक्कम आहे का, हे लिहून घ्या. ग्रामीण शाखेतल्या खात्यांबाबत बीसीने बँकेला दिलेल्या सेवेला जीएसटीतून सूट आहे, पण कमिशनवर टीडीएस कापला जाऊ शकतो. विवरणपत्र भरायची सवय लावा.

दुसरी, रोकडीचा विमा. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे की बीसी हाताळतो ती रोकड बँकेची आहे आणि तिचा विमा उतरवण्याची जबाबदारीही बँकेची. हे फार कमी बँक मित्रांना ठाऊक असतं. शाखेतून गावी रोकड आणताना वाटेत लूट झाली तर संरक्षण आहे का, किती रकमेपर्यंत, कोणत्या अटींवर, हे विचारा आणि उत्तर कागदावर घ्या.

तिसरी, यंत्राचा खर्च आणि दुरुस्ती कोणाकडे. ठसा घेणारं यंत्र आधार प्राधिकरणाकडे नोंदणीकृत आणि आताच्या एल-१ दर्जाचं हवं. कोणाचं जुनं यंत्र स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका.

चौथी, काम सोडताना किंवा काढून टाकताना अनामत किती दिवसांत परत मिळते.

पायरी ५: जागा आणि वेळ

मे २०१७ च्या परिपत्रकाने ‘बँकिंग आउटलेट’ची व्याख्या केली. ठरावीक जागी, दिवसाला किमान चार तास आणि आठवड्यात किमान पाच दिवस बँकेचा कर्मचारी किंवा बीसी सेवा देत असेल, तर ते केंद्र बँकेच्या खात्यावर पूर्ण आउटलेट म्हणून मोजलं जातं. बँकांनी वर्षभरात जी आउटलेट उघडायची, त्यांपैकी किमान २५ टक्के बँक नसलेल्या ग्रामीण भागात हवीत, असंही त्यातच आहे. तुमच्या केंद्राची गरज बँकेला का आहे, ते इथे कळतं. बोलणी करताना उपयोगी पडतं.

पाटीवर बँकेचं नाव, तुम्ही अधिकृत असल्याचा उल्लेख, नियंत्रक कार्यालयाचा संपर्क आणि तक्रार कुठे करायची ते लागतं. वेळ पाळा. मजुरीवरून परतणाऱ्या बायांना सकाळी अकराचं केंद्र काही कामाचं नाही. शक्य असेल तर चार तासांतले दोन संध्याकाळी ठेवा.

त्याच टेबलावर पतसंस्थेच्या ठेवी गोळा करू नका, असं मी आवर्जून सांगेन. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्था राज्याच्या सहकार कायद्याखाली चालतात आणि त्यांना ते नाही. एकाच माणसाच्या हातात पैसे दिले की ठेवीदार दोन्ही एकच समजतो.

पायरी ६: रोकड आणि बॅलन्स

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच गडबडतो, म्हणून जरा सविस्तर.

तुमचं एक सेटलमेंट खातं असतं. कोणी पैसे काढले की ती रक्कम त्याच्या खात्यातून तुमच्या सेटलमेंट खात्यात येते आणि तुम्ही गल्ल्यातून रोकड देता. कोणी पैसे भरले की रोकड गल्ल्यात येते आणि खात्यातला बॅलन्स घटतो. म्हणजे एक वाढलं की दुसरं कमी होतं, बेरीज कायम.

समजा सकाळी गल्ल्यात २०,००० आणि खात्यात ३०,००० आहेत. एक आजी निराधार योजनेचे १,५०० काढून गेल्या: रोकड १८,५००, बॅलन्स ३१,५००. मग एका दुकानदाराने १०,००० भरले: रोकड २८,५००, बॅलन्स २१,५००. बेरीज दोन्ही वेळा ५०,०००. कमिशन बाजूला धरलं तर संध्याकाळीही ५०,००० च यायला हवी. दहा रुपयांचा फरक आला तरी त्याच दिवशी शोधा. दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचे व्यवहार एकमेकांत मिसळतात आणि मग सापडत नाही.

रोज बंद करताना नोटांची मोजणी प्रकारवार वहीत लिहा: ५०० च्या किती, २०० च्या किती. संगणकातला अहवाल बरोबर असला तरी ही वही ठेवा. शाखेचा अधिकारी तपासणीला अचानक येतो तेव्हा आधी गल्लाच मोजतो.

आता गावचं वेळापत्रक. लाडकी बहीणचा हप्ता, पीएम किसान किंवा नमो शेतकरीचे दोन हजार, रोजगार हमीची मजुरी: हे जमा झाल्याचे मेसेज आले की सगळं गाव एकाच सकाळी दारात. दुपारपर्यंत गल्ला रिकामा आणि बॅलन्स तुडुंब. सोयाबीन किंवा कांद्याची पट्टी हातात आली की नेमकं उलट, भरणा करणाऱ्यांची रांग आणि बॅलन्स शून्य. म्हणून हप्त्याच्या आदल्या दिवशीच बेस शाखेतून रोकड आणून ठेवा. गावातल्या किराणा दुकानदाराशी, दूध संकलन केंद्राशी बोलून ठेवलं तर त्यांची रोजची रोकड तुमच्याकडे भरणा म्हणून येते, आणि तीच पैसे काढणाऱ्यांना देता येते. बसने रोकड आणण्याच्या फेऱ्या त्यामुळे कमी होतात. रोकड आणायची वेळ आणि वाट मात्र कोणाला सांगायची नाही, आणि रोज तीच ठेवायची नाही.

मर्यादा ठरवून घ्या. शाखेने घालून दिलेल्या रकमेपेक्षा जास्त रोकड रात्री दुकानात ठेवली आणि चोरी झाली, तर विमा अडू शकतो.

पायरी ७: काउंटरवरची शिस्त

बोट ठेवायला सांगण्याआधी रक्कम मोठ्याने सांगा: ‘काकू, पंधराशे काढतोय.’ ठसा लागला नाही तर दुसऱ्यांदा ठेवायला सांगताना पहिला व्यवहार अयशस्वी झाल्याचं पडद्यावर दाखवा. ‘लागलं नाही, परत ठेवा’ म्हणत दोनदा पैसे काढणं ही या क्षेत्रातली ठरलेली फसवणूक आहे. तुम्ही प्रामाणिक असलात तरी संशय त्याच वाटेने येतो. पावती प्रत्येकाला द्या, न मागताही. जिला वाचता येत नाही तिला शिल्लक वाचून दाखवा, पण बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशी.

ऊसतोड, शेतमजुरी करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात. हात धुऊन, पुसून, दुसरं बोट वापरून पाहा. तरीही जमलं नाही तर ‘तुमचं आधारच खराब’ म्हणून परत पाठवू नका. आधार केंद्रात ठसे अद्ययावत करता येतात. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेने २०२५ मध्ये चेहऱ्यावरून पडताळणीची सोयही सुरू केली, म्हणजे पोस्टमन दादाकडे एक पर्याय आहे.

खात्यातून रक्कम वजा झाली, पण तुमच्या पडद्यावर ‘अयशस्वी’ आलं, असं होणारच. रोकड देऊ नका आणि गिऱ्हाइकाला हाकलूही नका. व्यवहार क्रमांक लिहून द्या. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत जमा व्हायला हवी; उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई.

हजाराला दहा रुपये कापून घेण्याची पद्धत इतकी पसरली आहे की लोक स्वतःहूनच पुढे करतात. घेऊ नका. कमिशन तुटपुंजं आहे ही तक्रार खरी आहे आणि ती बँकेकडे, कॉर्पोरेट बीसीकडे लावून धरायला हवी. पण तो तोटा निराधार पेन्शनवाल्या आजीकडून भरून काढला, तर आयडी जाते आणि जाणं योग्यच आहे.

पासबुकं, एटीएम कार्डं, पिन काहीही सांभाळायला ठेवून घ्यायचं नाही. कोणी कितीही गळ घातली तरी.

पायरी ८: केवायसी आणि योजनांची नोंदणी

जून २०२५ पासून केवायसी अद्ययावत करण्याचं काम बीसीमार्फतही करता येतं. माहितीत काहीच बदल नसेल किंवा फक्त पत्ता बदलला असेल, तर ग्राहकाचं स्वतःचं घोषणापत्र घेऊन तुम्ही बँकेकडे पाठवू शकता. पोच द्यायची. दोन वर्षं व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेली जन धन खाती गावोगाव पडून आहेत. हप्ता अडकतो तेव्हाच लोकांना कळतं. खातं पुन्हा सुरू करायला शुल्क लागत नाही, हे सांगा.

जीवन ज्योती विम्याचा वार्षिक हप्ता ४३६ रुपये, वय १८ ते ५०. सुरक्षा विम्याचा २० रुपये, वय १८ ते ७०. प्रत्येक नोंदणीमागे तुम्हाला मोबदला आहे, म्हणून मोह होतो. खातेदाराला न सांगता टिक करून टाकलेल्या विम्याचा हप्ता दरवर्षी खात्यातून कापला जातो आणि भांडायला माणूस तुमच्याच दारात येतो. वारसाचं नाव विचारा, ते नीट लिहा, घरच्यांना सांगायला सांगा. वारसांना माहीतच नाही म्हणून विम्याचा दावा होत नाही, हे दुःख टाळणं तुमच्या हातात आहे.

पायरी ९: संशय आणि तक्रार

नेहमी हजार-दोन हजारांचे व्यवहार असलेल्या खात्यात अचानक लाखभर येऊन लगेच काढले जात असतील, एकच माणूस वेगवेगळ्यांना आणून पैसे काढून घेत असेल, कॉलेजच्या मुलांची खाती कोणी ‘भाड्याने’ घेत असेल, तर बेस शाखेला कळवा. त्या गिऱ्हाइकाला मात्र सांगायचं नाही की तुम्ही कळवलं आहे.

गिऱ्हाइकाच्या खात्यातून न विचारता पैसे गेले असतील तर त्याला लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायला लावा आणि बँकेत लेखी तक्रार करायला सांगा. चूक ग्राहकाची नाही, बँकेचीही नाही, आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. वेळ गेला की हक्क कमी होतो. ठशांचा गैरवापर होऊ नये म्हणून आधारचं बायोमेट्रिक कुलूप लावता येतं, व्यवहारापुरतं उघडता येतं. हे मोबाइलवर करून दाखवा. बँकेने तक्रारीवर ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. चौकशीचा नंबर १४४४८. हा नंबर पाटीवर लावायला काही केंद्रचालक कचरतात. लावा. ज्याच्या दारावर तक्रारीचा पत्ता आहे, त्याच्या हातात लोक पैसे सहज देतात.

काम सोडायचं ठरलं तर

लग्न होऊन गाव बदलतं, नोकरी लागते, जमत नाही. तेव्हा नुसतं शटर ओढून घेऊ नका. शाखेला आणि कंपनीला लेखी कळवा, सेटलमेंट खातं शून्यावर आणून हिशेबाचा दाखला घ्या, यंत्र परत केल्याची पोच घ्या, आयडी बंद झाल्याचा ईमेल जपून ठेवा. अयशस्वी व्यवहारांचे दावे नंतरही येतात, म्हणून मोजणीची वही आणि पावत्यांच्या नोंदी फेकू नका. पाटी स्वतः उतरवा, आणि पुढचं जवळचं केंद्र कुठे आहे ते कागदावर लिहून शटरवर चिकटवा.